लूम केनियाला निघाले तेव्हा

कारखाना बंद पडायला लागला की मालापेक्षा किस्सेच जास्त निघतात! आमचा जळगावचा, प्लास्टिक चटयांचा. मालकांनी चटया विणायचे लूम केनियाला हलवायचं ठरवलं. मी क्वालिटीत नवा, डोकं तापलेलं.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपण बंद होत नाही, ग्लोबल होतोय!"

लूमवरचे भास्करनाना सगळ्यांच्या वतीनं मागून म्हणाले, "मंग बठ्ठासले पासपोर्ट द्या ना!"

*

केनियाहून जोसेफ काम शिकायला आला. मी नानांना बजावलं, "शिकवू नका!" नानांनी त्याला लूमही शिकवला आणि अहिराणीही. मुंबईहून आलेल्या साहेबांनी ट्रेनिंगबद्दल इंग्रजीत विचारलं, तर जोसेफ म्हणाला, "बठ्ठं ठीक शे!"

*

पॅकिंगच्या सुमनअक्का डाळमिलमध्ये काम मागायला गेल्या. घर त्यांच्याच पगारावर. तिथला सुपरवायझर म्हणाला, "तुम्हाला चटयांचा अनुभव. इथं डाळ आहे."

"मी काय डाळ देखेल नही का?"

फोन करतो म्हणाला. अजून केला नाही.

*

पहिला लूम ट्रकवर चढायच्या दिवशी मी गेटसभा ठेवली. घोषणा माझीच, "मशीन हलू देणार नाही!" आवाज मस्त चढला होता. तेवढ्यात क्रेनवरचा लूम एका बाजूला कलला. अख्खी सभा धावली आणि त्याला खांदा देऊन उभी राहिली. मी ओरडलो, "अहो, आपण विरोध करतोय!"

नाना म्हणाले, "घोषणा मंग देसूत, पहिले मशीन सरळ धरा!"

*

जोसेफ निघायच्या आदल्या दिवशी शेडमागे भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मला राहवेना. इंग्रजीत विचारलंच, "आमची कामं घेऊन चाललास. काही वाटतं का?"

तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "माझे वडील चटयांच्या कारखान्यात होते. भारतातून स्वस्त चटया यायला लागल्या आणि कारखाना बंद पडला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मराठीत सांगितलं.

मग नानांनी विचारलं, "कशा व्हत्यात त्या चटया?"

मी जोसेफला विचारलं. त्यानं बोटांनी हवेत पिसारा काढला. "मोर. लाल आणि हिरवा."

नाना पुरीकडे बघत राहिले. "त्या आपल्याच शेतस."

सुमनअक्कांनी जोसेफच्या ताटात आणखी भरीत वाढलं. "खाय रे भाऊ, थंडं हुई ऱ्हायनं."