गिझर तापेपर्यंतचा अर्धा तास

"आणि चालू ठेवून अंघोळ केली तर?" सरांनी विचारलं.

"बिनधास्त करा," मी स्क्रू आवळत म्हणालो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिळफाट्याच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात मी मेकॅनिक होतो आणि खोपोलीतल्या एका नव्या घराच्या न्हाणीत गिझर बसवत होतो. सर शाळेत मास्तर. गिझर त्यांच्या आईसाठी होता. संधिवातानं आईंची बोटं वाकली होती, कढत पाण्याचं पातेलं उचलवत नव्हतं. त्या काळी गिझरचं अप्रूप, त्यामुळे प्रश्नही भरपूर. बिल किती येईल? टाकी फुटणार नाही ना? आई दारात बसून विचारत होत्या, "शॉक तर नाय ना लागायचा रं बाबा?"

मी हसलो. "आजी, अर्थिंग असतं की!" अर्थिंग म्हणजे प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेची वायर. करंट टाकीच्या पत्र्यात उतरलाच, तर ती तो जमिनीत नेते.

आमच्या दुकानाचा नियम होता. टाकी भरायची, स्विच चालू करायचा आणि पाणी तापून थर्मोस्टॅट आपोआप बंद होईपर्यंत थांबायचं. मग टाकीला नि नळाला टेस्टर लावून बघायचा. आतली तापणारी कांडी, म्हणजे एलिमेंट, गार असताना गुणी बाळ असते. खोट असली तर तापल्यावर कळते. याला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात प्रत्येक घरी चहा यायचा, कुठं पोहेसुद्धा.

मी स्विच चालू केला. आत सरांच्या बायकोनं चहासाठी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. सर बौद्ध होते, मी कुणब्याच्या घरातला. त्यांच्याकडचं पाणीही प्यायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. मित्रांत मी छाती फुगवून सांगायचो, आपण असलं काही मानत नाही. पण कप खरोखर समोर येणार म्हटल्यावर माझी तंतरली. तोंडावर नको म्हणायचीही हिंमत नव्हती. गार टाकीला टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. "सर, दुसरा कॉल आहे," म्हणालो आणि पिशवी उचलली.

"आरं, च्या टाकलाय ना!" आई म्हणाल्या.

"पुढच्या वेळी, आजी."

दुसरा कॉल कसला डोंबलाचा! मी शिळफाट्याच्या टपरीवर जाऊन चहाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर दुकानात आले. सकाळी आईंनी नळाला हात लावला आणि त्यांना शॉक बसला होता. मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. मनगट मोडलं होतं.

"पूर्ण टेस्ट घेतली होतीस?" शेटनी मला विचारलं.

"घेतली की," मी सरांकडे न बघता म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

त्यांच्या घरी जाऊन बोर्ड खोलला. तिसऱ्या पिनेमागे वायरच नव्हती. घराच्या वायरमननं ती ओढलीच नव्हती. वर एलिमेंट खराब. मी थांबलो असतो तर टेस्टर पेटला असता आणि दोन्ही दोष तिथंच सापडले असते.

आई प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. "त्याला बोलू नको रं," त्या सरांना म्हणाल्या. "घाईत व्हता पोरगा."

"घाईत नव्हते ते, आई. काल यांच्या मागोमाग मी भाजी आणायला शिळफाट्याला गेलो होतो. हे टपरीवर चहा पीत बसले होते." मग सर माझ्याकडे वळले. आवाज अजिबात चढला नव्हता. "आमच्या घरचा चालत नाही, एवढंच सांगायचं होतंत. चहा केला नसता आम्ही. तुम्ही थांबला तरी असता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. धड माफीही मागता आली नाही. मान खाली घालून एलिमेंट बदललं, अर्थिंगची वायर ओढली, अर्धा तास भिंतीला टेकून उभा राहिलो.

तो गिझर पुढे बरीच वर्षं चालला. आईंचं मनगट मात्र वाकडंच जुळलं, आणि त्या नळाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. सूनबाई पाणी काढून द्यायच्या.

मी आता रिटायर आहे. लोक अजून विचारतात, गिझर बसवताना काय बघायचं? मी सांगतो, टाकी पूर्ण तापेपर्यंत मेकॅनिकला सोडू नका. तो पळायला लागला तर कारण विचारा. माझ्यासारखा असेल तर खोटंच सांगेल, तरी विचारा.