लावणीला एक शिट्टी

आमच्या घरी एकदा सलग चार दिवस तुरीची डाळ कच्ची राहिली. सून तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करते, हा तिचा लग्नापासूनचा नेम. तिनं कुकरचं रबर बदललं, वरची शिट्टी बदलली, डाळ भेसळीची म्हणून किराणावाल्याशी वाद घालून आली. पाचव्या दिवशी ती कुकरकडं टक लावून उभी असताना शिट्टी झाली आणि कुकर जागचा हललाच नाही. शिट्टी न्हाणीघरातून आली होती.

"आत्या," ती दाराशी येऊन म्हणाली. ती मला आत्याच म्हणते. "आत काय करून राहिलात?"

"तोंड धुऊन राहिले."

"तीन शिट्ट्यांत?"

मग कबूल करावंच लागलं. सत्तरी ओलांडलेली, एक गुडघा बदललेली, वरची-खालची कवळी लावणारी मी, बादलीजवळ उभी राहून तोंडात दोन बोटं घालून शिट्टीचा सराव करत होते. आणि निघत होती ती शिट्टी तरी कसली, नुसती वाफ. म्हणून तर ती कुकरची वाटली.

हे खूळ गुडघ्यातून आलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पाय उचलायचा व्यायाम सांगितला होता, सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. मी पाचाच्या पुढं जाईना. नातीनं मोबाईल उशाशी ठेवला, म्हणाली, "आजी, गाणं लावते, त्यावर उचल." तिनं काय लावलं तिचं तिला माहीत, पण एकातून दुसरं निघत लावणी लागली. बसून करायची लावणी. चाळिशी पार केलेली, अंगानं भरलेली एक बाई गालिच्यावर एक गुडघा मुडपून बसली होती आणि उठतच नव्हती. नुसती मान, बोटं आणि डोळे. पदराचं टोक तिनं दोन बोटांत असं धरलं, की मी पाय वर उचलला तो खाली आणायचा विसरले. ज्या गुडघ्यानं मला खाटेवर पाडलं होतं, तसल्याच गुडघ्यावर ही बाई अर्धा तास मांड ठोकून बसली होती. त्या दिवशी ढोलकीवर माझे पस्तीस झाले. दोन महिन्यांत तिचे सगळे व्हिडिओ पाठ झाले. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमच्यासारखा मनावर घेणारा पेशंट नाही." मी मान खाली घातली.

आणि मग नातीनंच बातमी आणली. लातूरला त्या लावणीवाल्या बाईचा खेळ, संध्याकाळी सहाला, फक्त बायकांसाठी. लातूरला सुनेचं माहेर. म्हणजे विहीणबाईंकडं मुक्काम, म्हणजे घरातून नाही म्हणायला कुणाला जागाच नाही.

जायचं ठरलं तसं मला एकच गोष्ट करायची होती. तिच्यासाठी एक शिट्टी मारायची. दम संपेपर्यंत, पुरी. का, ते सांगायला पन्नास वर्षं मागं जावं लागतं, आणि तिथं जी मुलगी उभी आहे ती मला फारशी आवडत नाही.

ती एकवीस वर्षांची होती. सातवी पास, आणि त्याचा तोरा मॅट्रिकचा. नवरा शाळामास्तर, सासर अहमदपूरपासून कोसभरावरचं. आमची बौद्धांची वस्ती, विहारात पौर्णिमेला वंदना, आणि वस्तीचा ठराव पक्का : जत्रा, तमाशा, अंगात येणं, हे सगळं आपण मागं सोडलं. पांढऱ्या साडीला माझ्याइतकी कडक इस्त्री वस्तीत कुणाची नसायची, आणि साडीपेक्षा जास्त इस्त्री माझ्या मानेला होती. महिला मंडळात तमाशाच्या विरुद्ध सगळ्यात लांब भाषण माझंच.

त्या मुलीला एक कला मात्र येत होती. माहेरी ज्वारी राखायला माळ्यावर बसायची, तेव्हा शिकलेली. ओठ दातांवर दुमडायचे, दोन बोटांनी जीभ मागं सारायची आणि फुंकायचं. चार शेतांतली पाखरं एका दमात उठायची. लग्नात आई कानात म्हणाली होती, "सासरी पाखरं उडवू नको."

गावच्या जत्रेत तमाशाची राहुटी लागली. मास्तर ट्रेनिंगला परगावी गेले होते. दिवे लागल्यावर ढोलकी वाजायला लागली आणि माझी इस्त्री मोडली. शेळीचं करडू हुडकायला जाते म्हणून निघाले आणि कनातीच्या मागं जाऊन एका भोकाला डोळा लावला. करडू दावणीलाच होतं, आणि सासूबाई म्हणजे काही आंधळ्या नव्हत्या, पण ते पुढं.

आत एक बारीक, सावळी बाई नाचत होती. तिनं गिरकी घेतली, थांबली, आणि थांबताना नुसती एक भुवई उचलली. मला काही कळायच्या आत माझी बोटं तोंडात गेली होती. शिट्टी सुटली. अख्खी राहुटी वळली. ती बाईसुद्धा वळली, कनातीकडं बघून तिनं कपाळाला हात लावला, जसा एखाद्या जाणत्याला सलाम करावा. आणि मला एकदम भान आलं, मी कोण, कुठं, कुणाची बायको. शिट्टी मध्येच तुटली. धसकटं तुडवत मी पळाले, एक चप्पल अजून तिथंच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावर दुसरा विषयच नव्हता. हापसा नवा, दुष्काळानंतर बसवलेला, आमच्या वस्तीचा स्वतःचा. कनातीमागून शिट्टी मारणारी बाई कोण, यावर प्रत्येकीचा वेगळा संशय. सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, ते सांगायला नको.

"तसली बाई आपल्या वस्तीतली असणारच न्हाई," मी म्हणत होते, आणि तेवढ्यात तीच सावळी बाई कळशी घेऊन आली. दिवसाच्या उजेडात ती थकलेली दिसत होती, पायांवर घुंगरांचे वळ. तिनं कळशी हापशाखाली ठेवली.

मी ती कळशी पायानं बाजूला सारली. "हा हापसा वस्तीतल्या बायांचा हाय. नाचणाऱ्यांनी वढ्यावर जावं."

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या विहिरीच्या कडेला तासन् तास रिकाम्या घागरी घेऊन कशा उभ्या राहायच्या, कुणी वरून पाणी घालेल म्हणून, ते मी पोरांना रंगवून सांगत असे. आणि त्याच तोंडानं मी हे बोलले. सातवी पास होते, पण अक्कल पहिलीतच बसली होती.

ती बाई भांडली नाही. कळशी उचलली आणि सगळ्यांकडं बघत म्हणाली, "काल शिट्टी झ्याक वाजली बघा. बाईची व्हती."

"कशावरनं?" कुणीतरी विचारलं.

"गडी दम सरेस्तोवर वाजवतो. बाईची मधीच तुटती. भ्याती ना."

तिची नजर माझ्यावरही आली, पण इतरींपेक्षा क्षणभरही जास्त थांबली नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही. ती रिकामी कळशी घेऊन वळली. तेव्हा माझ्या सासूबाई पुढं आल्या, हापशावर घागर भरली, डोक्यावर घेतली आणि तिच्या मागं राहुटीकडं निघाल्या. माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "करडू सापडलं का?"

त्यानंतर मी शिट्टी वाजवली नाही.

तर नांदेडहून बसनं लातूरला निघाले. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा खिडकीतून जुन्या वाटेकडं पाहिलं आणि पर्समधून आरसा काढून कवळी ठीक केली. मनात वेडी आशा होती, की वाफेची वेळेवर तरी खरी शिट्टी होईल.

विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. घरातसुद्धा घंटा झाल्यासारख्या उठतात-बसतात. पाहुणीला एकटं कसं सोडायचं म्हणून खेळाला आल्या, आणि रिक्षात मी बेत सांगितला तशा ताठ झाल्या.

"शिट्टी मारणार? विहीणबाई, इथं माझ्या विद्यार्थिनी असतील."

"गाव तुमचं, तोंड माझं."

"आणि मी कुठं बघायचं?"

"स्टेजकडं बघायचं. पैसे त्याचेच दिलेत."

हॉल भरला होता. आधी तरण्या पोरींचे नाच झाले. आम्ही सगळ्या बायका पदर सावरून, पर्स मांडीवर घेऊन, हळदीकुंकवाला बसावं तशा बसलो होतो. गाणं संपलं की टाळ्या वाजायच्या त्यासुद्धा मोजून. मग ती आली. मोबाईलमधल्यापेक्षा बुटकी, आणि डोळे मात्र मोबाईलमध्ये मावत नव्हते एवढे. गुडघा मुडपून बसली. पहिला अंतरा केला, आणि असा केला की माझ्या बदललेल्या गुडघ्याला कळ आली. हॉलमध्ये नुसत्या टप टप टाळ्या.

तिनं ढोलकीवाल्याला हातानं थांबवलं. माईक जवळ ओढला.

"बायांनो, एक बोलू का? वीस वर्षं मी गड्यांपुढं बसले. आज पहिल्यांदा नुसत्या बायांपुढं बसलेय. घरनं निघताना लई आनंदात होते. आता भ्या वाटून राहिलंय." ती हसली, पण हसणं गळ्यापर्यंतच होतं. "दाद आली की पुढचा अंतरा आपोआप येतो. तुम्हाला आवडलं का न्हाई, तेच कळंना. असं वाटतंय, मी परीक्षेला बसलेय."

पुढच्या रांगेत कुणी कसनुसं हसलं. बाकी कुणी हललं नाही. प्रत्येकीची नजर शेजारणीकडं, ही काही करते का म्हणून. त्या नजरा मला ओळखीच्या होत्या. हापशावरच्याच.

मी बोटं तोंडात घातली आणि फुंकलं. कवळी वरून सुटली, जिभेवर पडली, आणि फुस्स झालं. पुढच्या दोघी वळून बघायला लागल्या. विहीणबाई समोर बघत ओठ न हलवता म्हणाल्या, "झालं समाधान?"

त्या घटकेला मला एक गोष्ट उमगली. न्हाणीघरात महिनाभर मी दात लावून सराव केला होता, कारण बोळकं तोंड घेऊन लोकांत कसं बसायचं. म्हणजे ती एकवीस वर्षांची इस्त्रीवाली पोरगी अजून माझ्या तोंडात बसलेली होती. मी वरची कवळी काढली, खालची काढली, रुमालात गुंडाळली आणि विहीणबाईंच्या हातात दिली.

"हे काय?"

"धला जला," मी म्हणाले.

ओठ दुमडले. आता दुमडायला मध्ये दातच नव्हते. बोटांनी जीभ मागं सारली. आणि फुंकलं.

शिट्टी निघाली. माळ्यावरची. छतापर्यंत गेली, तिथून भिंतीला लागली, आणि मला वाटलं आता तुटेल, सवयीनं तुटेल, पण मी फुंकत राहिले. डोळ्यांपुढं काजवे आले तरी फुंकत राहिले. दम संपला तेव्हाच संपली.

ती बसल्या जागी वळली. अंधारात कुठं बघायचं तिला कळेना, पण दिशा बरोबर धरली आणि कपाळाला हात लावला.

"आता आलं," ती माईकवर म्हणाली, आणि ढोलकीवर बोट पडायच्या आत तिची भुवई उचलली गेली.

मग कोपऱ्यातून एक शिट्टी आली, कच्ची, अर्धी. बाल्कनीतून दुसरी. एका जाड्या बाईनं सरळ "हाय हाय" म्हणून हाक दिली. पर्सा खाली गेल्या. पाचव्या अंतऱ्याला निम्म्या बायका उभ्या होत्या. विहीणबाईंना टाळ्या वाजवता येईनात, कारण एका हातात माझे दात. म्हणून त्यांनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात "वन्स मोअर" दिलं, आणि ते असं गेलं की ढोलकीवालासुद्धा सावरून बसला.

खेळ संपल्यावर ती बाहेरच्या खोलीत बायकांबरोबर फोटो काढत होती. ओळ मोठी होती. मध्येच तिनं मान वर करून विचारलं, "पहिली शिट्टी कुणाची व्हती?"

ओळीत एकमेकींकडं बघणं सुरू झालं. विहीणबाईंनी माझा दंड धरला, आणि मला वाटलं ओढतील मागं. पण त्यांनी मला ढकललं.

"माजी," मी बोळक्या तोंडानं म्हणाले आणि हात वर केला, शाळेत करतात तसा.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग जवळ आली, घाम तसाच होता, पायांत घुंगरू. "मला वाटलं कॉलेजची पोर असंल. आजी, बाईची शिट्टी इतकी लांब मी ऐकली नव्हती."

"मी बी न्हाई," मी म्हणाले.

तिनं विचारलं पाणी आहे का, घसा सुकलाय. माझ्या पिशवीत बाटली होती. ती सगळी प्याली. मी तिला हापशाचं काही सांगितलं नाही, मागं ओळ खोळंबली होती. आणि ते सांगायचं जिला होतं ती ही नव्हे. तिची माफी मागायची राहूनच गेली, ती तशीच राहील.

नांदेडला परत आल्याला आता पंधरा दिवस झाले. काल सून माहेरी फोनवर बोलत होती. फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडं रोखून बघायला लागली.

"आत्या, आमच्या आईकडचा कुकर बिघडलाय म्हणं. वहिनी सांगत होती, तीन शिट्ट्या होऊनसुद्धा डाळ शिजंना."

मी पेपर वर केला. "रबर बदलू नका म्हणावं," मी म्हणाले. "आणि आईला सांग, जीभ अजून मागं घ्यायची."