खोड न सांगितलेली काच

माजलगावच्या काचवाल्याने मला फसवलं. मी त्याला भावात चेपलं, त्याने मला मालात गाडलं.

मी जनावरांच्या बाजारात वाढलेला माणूस. आधी दुसऱ्यांचे बैल पायी हाकत नेले, मग दलाली केली, मग स्वतःची जनावरं घेऊ-विकू लागलो. आमच्यात भाव उपरण्याखाली बोटं धरून ठरतो. भाव ठरला तरी हात लगेच सुटत नाही. घेणारा विचारतो, "खोड?" विकणाऱ्याला सांगावं लागतं. लाथ मारतो, औताला बसतो, पाण्याला बुजतो, जे असेल ते. सांगितलेल्या खोडीचं जनावर गुमान घरी न्यायचं. लपवलेल्या खोडीचं पुढच्या बाजारी परत येतं आणि विकणाऱ्याला मुकाट्याने दावं हातात घ्यावं लागतं.

गाडी मी बायकोसाठी घेतली. तिच्या अंगाला ऊन चालत नाही. तोंडावर, हातांवर घडीभर ऊन पडलं की कातडी लाल होते, फोड येतात, मग ताप येतो आणि सांधे धरतात. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, "उन्हापासून जपा आणि दर महिन्याला दाखवायला आणा." अडीच-तीन तासांच्या रस्त्यावर ही दोन्ही कामं एकदम कशी करायची, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी काचवाल्याला विचारलं.

"काळी फिल्म मारून घ्या मालक. आत सावलीच सावली."

अर्धा दिवस मी त्याच्याशी घासाघीस केली. दोनदा उठून गेलो, दोनदा त्याने हाक मारून बसवलं. शेवटी तो रडकुंडीला आला. "तुमी माणूस हाय का काय? घ्या, तुमच्याच भावात घ्या!" मी वर मोबाईलचं स्टँडही फुकटात मागितलं. पुढच्या काचेला चिकटवायचं, रबराच्या वाटीचं. तेही त्याने दिलं. मग मी त्याचा हात धरला आणि सवयीने विचारलं, "खोड?"

तो हसला. "काचेला कशाची खोड, मालक? सत्तर टक्के उजेड आत सोडती, सत्तर टक्केवाली हाय. सरकारमान्य."

मी हात सोडला.

तीन महिने बरे गेले. बायको मागच्या सीटवर तोंडावरचा पदर काढून बसायची. चौथ्या खेपेला गेवराईच्या अलीकडे हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. पोरगेला, बोलायला नीट.

"काका, फिल्म काढावी लागंल."

"सत्तर टक्केवाली हाय. सरकारमान्य."

"टक्के कंपनीच्या काचंला. काचच तशी आली तर चालती. वरून चिकटवलेली कसलीच फिल्म चालत न्हाई, पांढरी असो का काळी. पडदे पण न्हाई. आन् ते स्टँड पण काढा, समोरचं झाकतंय."

मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्याने ती पूर्ण वाचली, घडी घालून परत दिली. "चिठ्ठीवर सूट न्हाई, काका. सूट फक्त मोठी पोलीस सुरक्षा असणाऱ्या बड्या लोकांना."

तेवढ्यात एक पांढरी गाडी गेली. चारी बाजूंनी काळी, आतलं माणूस दिसेना. मी ओरडलो, "तिला कावून न्हाई अडवत बे? तुला काय ती दिसली न्हाई?"

हवालदाराने ब्लेड काढलं. मी शिव्या घालत राहिलो आणि तो एकेक काच सोलत राहिला. मागच्या काचेची पट्टी निघाली तेव्हा ऊन सरळ बायकोच्या मांडीवर पडलं. तिने हात पदराखाली ओढून घेतले.

"अवो, गप बसा," ती म्हणाली. "त्याचं काय चुकलं?"

त्या दिवशी दवाखान्यातून परत येईपर्यंत तिच्या गालावर फोड आले. मी म्हटलं, पहाटे निघू. ती म्हणाली, "आन् परत येताना? दिवस बुडंस्तोवर तिथं बाकड्यावर बसायचं? ऱ्हाऊ द्या." त्यानंतर ती गेलेली नाही. आता मीच एकटा जातो, डॉक्टरांना फोटो दाखवतो, ते जुन्याच गोळ्या लिहून देतात. म्हणतात, पेशंट बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. तिची बोटं आता भाकरी थापताना मिटत नाहीत. शेजारीण येऊन थापून देते.

मी काचवाल्याकडे गेलो. सोललेली फिल्म गोळा करून नेली होती, मेलेल्या जनावराच्या कातड्यासारखी. टेबलावर टाकली.

"बाजारात ही परत घेतली असती," मी म्हणालो.

"हा बाजार न्हाई, मालक. दुकान हाय." त्याने बिलाची मागची बाजू दाखवली. बारीक अक्षरात छापलं होतं, वाहतूक नियमांची जबाबदारी ग्राहकाची. "आन् खरं सांगू? तुमी भाव एवढा पाडला, तवा खोड सांगायला माझ्याकडं काय उरलं होतं?"

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. बाहेर काळ्या फिल्मची त्याची पाटी तशीच होती, चौकाच्या तोंडावर, पोलिसाला उभ्या जागेवरून वाचता येईल एवढी मोठी. खाली दोन गाड्या फिल्म लावायला उभ्या होत्या. विकायला बंदी नाही, लावून फिरायला बंदी.

मी जन्मात भावात हरलो नाही. त्याचा आता काही उपयोग नाही. बायको दार लोटून आतल्या खोलीत बसते आणि मी ओट्यावर.

पण ही खोड मला सांगायचं काम कुणाचं होतं? विकणाऱ्याचं, त्याला चौकात पाटी लावू देणाऱ्याचं, की चिठ्ठी वाचून घडी घालून परत देणाऱ्याचं? कुणाचंही असो. त्याने माझ्या घरी यावं, त्या बंद दारासमोर उभं राहावं आणि तिला उत्तर द्यावं.