ब्रेकवरचा पाय

त्यांचा उजवा पाय कधी स्वस्थ नसे. ऑटोत बसले, लग्नाच्या मांडवात बसले, आमच्या सोफ्यावर चहा घ्यायला बसले, तरी समोरून काही वेगानं आलं की तो पाय जमिनीत रुतायचा. अकोल्यात मोटार चालवायला शिकवणाऱ्या माणसाचा पाय तो. शिकाऊ गाडीत डाव्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक असतो. तसा तो जगात सगळीकडे आहे, अशी त्यांची समजूत असावी. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, आठवून पाहा.

मी त्यांच्याकडे शिकायला गेले ती चाळिशी उलटल्यावर. जुन्या शहरातल्या एका बोळात समोर गाय आली आणि मी सरळ डोळे मिटून घेतले. गाडी थांबवली त्यांनी.

“ताई, डोये काहून मिटता? माहा पाय ब्रेकवर हाय. तुमी बिनधास्त चालवा.”

या एका वाक्याच्या भरवशावर गावातल्या किती बायका मोर्णा नदीच्या पुलापलीकडे गाडी घेऊन गेल्या असतील! नव्या गाडीच्या चाकाखाली कुणी लिंबू ठेवलं, की ते उचलून मालकिणीच्या हातात द्यायचे. “याचं सरबत करा. आन आरसा पाहात जा.”

बायको लवकर गेलेली, घरात एकच मुलगी. तिला मात्र त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. “साऱ्या गावाच्या बाया शिकवता, मंग मलेच काहून नाही?” तिनं एकदा माझ्यासमोरच विचारलं.

“तुया बाजूले बसलो का माहा पाय लटलट कापते,” ते म्हणाले.

ती अमरावतीला इंजिनिअरिंगला निघाली, तर हे बसच्या मागं अमरावतीपर्यंत गेले. टपावर लाल ‘एल’ लावलेली तीच शिकाऊ गाडी घेऊन! बसमधले लोक मागं वळून हसत होते आणि ही शरमेनं खिडकीखाली लपत होती. पुढं ती शिकली, परदेशी गेली आणि विमानं बनवणाऱ्या एका कंपनीत लागली.

त्या कंपनीचं एक अवाढव्य नवं प्रवासी विमान तयार झालं. त्याचं पहिलंच चाचणी उड्डाण, आणि उपकरणांवर लक्ष ठेवायला जी मोजकी माणसं आत बसणार होती, त्यात ही होती. प्रवाशांच्या वजनाऐवजी आत पाण्याची पिंपं भरतात, हे तिनं त्यांना फोनवर सांगितलं. “माणसाच्या जागी पिंपं, आन त्यात माही पोरगी,” असं ते आठवडाभर सांगत फिरले. हसत सांगत, पण घाम पुसत.

घरच्यांसाठी धावपट्टीजवळ खुर्च्या मांडणार होते. तिनं तिकीट पाठवलं. त्यांनी स्वेटर घेतला, मला आणून दाखवला. आणि निघायच्या आदल्या दिवशी दारात उभे राहिले.

“नाही जात, ताई.”

“अहो, ती वाट पाहील!”

“ते वर उडन, आन मी खाली. तिथं पाय कुठं ठेवू?”

उड्डाण त्यांनी आमच्याच टीव्हीवर पाहिलं. घरच्यांची रांग दिसली. सगळे हात हलवत होते. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. त्यांनी बोट दाखवलं. “ते माही.”

विमान धावायला लागलं. इकडे त्यांचा पाय सतरंजीत रुतला, सतरंजी गोळा झाली. विमान धावतच होतं, एवढं जड धूड उठणार कसं, असं मलाही वाटलं. मग चाकं सुटली. आणि त्यांनी पाय उचलून चक्क मांडीखाली घेतला.

“जा माय, जा,” ते म्हणाले. मग डोळ्यांना रुमाल लावला. “हे तिले तिथं जाऊन म्हनाचं होतं, ताई.”

संध्याकाळी तिचा फोन आला. “पाह्यलं का, बाबा?” “पाह्यलं.” संपलं. दोघंही तसलेच. दिवाळीला तिच्याकडं नक्की जातो म्हणाले, स्वेटर पिशवीतच राहू दिला. दिवाळीआधीच ते वारले.

मुलगी आली. दिवस-कार्य आटोपल्यावर दारातल्या शिकाऊ गाडीची किल्ली घेऊन माझ्याकडं आली. “काकू, डावीकडं बसता?”

परदेशात शिकली असावी, गाडी ती सुरेख चालवते. मोर्णेच्या पुलावर आल्यावर म्हणाली, “काकू, ब्रेकवर पाय ठेवा न जरा.”

“तुला गं काय गरज?”

“त्या दिवशी धावपट्टीवर मले तेवढंच पाह्यजे होतं. बाबा कुठंतरी पाय दाबून बसले असतील, असं समजून घेतलं मी.”

“बसले होते,” मी म्हटलं. “पण तुझं विमान सुटलं तसा त्यांनी तो उचलला. जा माय, जा, म्हणाले.”

हे तिनं त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. ही चुटपुट माझ्या मनातून जात नाही.

पुलाच्या कडेला तिनंच गाडी थांबवली. ब्रेक मी लावला नव्हता.