हिरव्या साडीवाली आणि अण्णांची भाकरी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या! मी आयुष्यात एकच गाणं लिहिलं, आणि त्यानं शेजारच्या अण्णांचं जेवण बंद पाडलं.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी नगरला कॉलेजात. मानेवर केस, बेलबॉटम, आणि हॉस्टेलवरच्या मित्राची गिटार. कॉर्ड तीनच येत, पण खूळ मोठं: पोवाड्यासारखी गोष्ट सांगायची, पण गिटारवर! ती गोष्ट आमच्या मिरजगावातच सापडली.

अण्णा रोज पाचच्या गाडीला एसटी स्टँडवर हजर. धुतलेली टोपी, काखेत छत्री. गाडी यायची, जायची; अण्णा तिथंच. कोणाची वाट बघतात? सरळ विचारायचं ना! पण कवी कधी विचारतो का? मी एक हिरव्या साडीवाली तयार केली, तिला गाडीत बसवून दिलं आणि अण्णांना तीस वर्षं वाट बघायला लावली.

गणपतीत मांडवात गाणं म्हटलं. नाव बदललं होतं, पण टोपी-छत्री तशीच! दुसऱ्या कडव्याला अख्खा मांडव अण्णांकडे वळला. तिसऱ्याला अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकू, उठून घरी गेल्या. मला वाटलं, गाणं काळजाला भिडलं!

दुसऱ्या दिवशी अण्णा दारात.

"काय रं, कोन ती हिरव्या साडीवाली?"

"कोणी नाही अण्णा. मनानंच घातली."

"तुज्या मनापायी माझी भाकरी बंद झाली! ही बोलत न्हाई, वाढत न्हाई. चल, सांग तिला."

"पण तुम्ही वाट कोणाची बघता?"

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. "हाटेलातल्या भज्यांची. गाडी आल्याबिगर घाना काढीत न्हाई त्यो. वैद्यानं तेलकट बंद केलंय. घरी बोलू नको हां!"

त्यांच्या घरी काकू गहू निवडत होत्या.

"काकू, शप्पथ, ती बाई खोटी आहे."

"ठावं हाय. ह्यांच्यासाठी कोन बाई येतीय? भजी खायला जात्यात. रुमालाला तेलाचा वास येतो."

अण्णा एकदम चपला शोधायला लागले.

"मग रागावलात कोणावर?"

"तुज्यावर! तीस वर्सं मानूस स्टँडवर हुबा. त्याला भाकरी कोन घालतं? टोपी कोन धुतं? ती बाई कुठंय तुज्या गान्यात?"

खरं सांगतो, लाज वाटली हो. मला तीन कॉर्ड येत होते, आणि माणूस एकही दिसला नव्हता.

"लिही," काकू म्हणाल्या. गव्हातले खडे काढता काढता त्यांनी सांगितलं:

'टोपी म्या धुतली, मिरवतोय ह्यो,
भाकर माझी, अन् वाट तिची!'

त्या दुपारी अण्णा जेवले. मीही जेवलो. तशी भाकरी पुन्हा मिळाली नाही.

पुढं कॉलेजात, शेवगावला, सोनईला ते गाणं म्हटलं. वन्स मोअर कायम त्या दोन ओळींना. आता अण्णा नाहीत, काकूही नाहीत; पाच वाजले की अजून आठवण येते.

परवा कॉलेजचा जुना मित्र भेटला. त्याला त्या दोन ओळी तोंडपाठ!

"बाकीचं गाणं काय होतं रे?" त्यानं विचारलं.

डोकं खाजवलं, चहा संपवला, दुसरा मागवला. छे! मलाही तेवढंच येत होतं.