पडद्याकडे पाठ

कस्तुराबाई गेली तेव्हा सुपडूनाना माझ्या शेजारच्या पलंगावर होते, आणि त्यांना ते सांगायचं काम माझ्यावर आलं. धुळ्याच्या त्या दवाखान्यात तेव्हा बायांचा वॉर्ड, माणसांचा वॉर्ड असं काही उरलं नव्हतं. ऑक्सिजनची नळी जिथपर्यंत पोहोचत होती तिथपर्यंत पलंग टाकले होते. सकाळी सिस्टर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही यांच्या गावच्या ना? आतल्या मावशी गेल्या. तुम्हीच सांगा यांना. मला अजून पुष्कळांना सांगायचंय."

मी मास्क बाजूला केला. "नाना," मी म्हटलं, "वहिनी गयी."

नानांनीही मास्क सरकवला. "कोन रडनं तठे?"

"कोनीच नही. कोनले येवाच देतस नही."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. बायको गेली आणि माणूस हे काय विचारतो, असं सिस्टरला वाटलं असेल. मला वाटलं नाही. कोण रडलं आणि कोण नाही, एवढंच त्या माणसाने जन्मभर बघितलं होतं.

नाना चाळीसगावच्या एका टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. वरच्या खोलीला दोन भोकं असतात. एक मशीनचं, एक माणसाचं. माणसाच्या भोकातून पडदा बघायचा असतो, पिक्चर नीट दिसतो की नाही यासाठी. नाना त्यातून खाली माणसं बघायचे. "पिक्चर मशीन दखस, मी लोके दखस," असं म्हणायचे. कोणत्या वाक्याला बायांच्या बाजूला पदर डोळ्याला जातो, कोणत्या गाण्याला लोक बिडी प्यायला उठतात, सगळं त्यांना पाठ होतं. टॉकीज बंद पडली, तिथे कपड्यांचं दुकान झालं, आणि नाना कस्तुराबाईला घेऊन आमच्या गावी परत आले. मूल एकच. पोरगी, जामनेरला दिलेली.

गावात त्यांनी अहिराणी पिक्चर काढायला सुरुवात केली. तेव्हा खान्देशात सगळेच काढत होते. दारुडा नवरा, जाडी बायको, सासू पडते, लोक हसतात. नानांनीही तसे तीन काढले, ते चालले, आणि नाना कंटाळले. "हसाडनं सोपं शे अक्का," मला म्हणाले. "कोनी बी पडनं तं लोके हासतस. रडाडाले माणूस लागस."

मी गावात ब्लाऊज शिवायची. चौथी शिकलेली बाई. नाना पिक्चरमधल्या नवरदेवाचा कोट शिवून घ्यायला आले होते. पिक्चरमध्ये आईचं काम करणारी बाई त्या दिवशी आली नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, तू ये."

"माले येत नही."

"येत नही तेच पाहिजे."

पोलीस माझ्या पोराला मारतात आणि मी दारात उभी, एवढंच होतं. मला रडायला सांगितलं होतं. मला रडू येत नाही. माझा नवरा गेला तेव्हाही आलं नव्हतं, आणि त्याबद्दल गावाने मला पुष्कळ ऐकवलं आहे. मी नुसती उभी राहिले. नानांनी हात वर केला, "झालं." मी म्हटलं, मी रडलेच नाही. ते म्हणाले, "तू रडत नही म्हनीसन त्या रडतस. तूच रडनी तं त्यासले काय काम ऱ्हायनं?" मागे वळून बघितलं तर ओट्यावरच्या बाया डोळे पुसत होत्या. त्यानंतर प्रत्येक पिक्चरमध्ये आई मीच.

त्यांची पद्धत अशी की काम सुरू झालं की ते आमच्याकडे पाठ करत. बघ्यांकडे तोंड करून उभे राहत. शूटिंग म्हटलं की गाव जमतंच, त्या गर्दीच्या तोंडावर जे दिसेल त्यावरून ठरवायचे की जमलं की नाही. कॅमेरा धनराजचा. तो धुळ्याचा, लग्नाचे फोटो काढणारा, दोन पोरींचा बाप. तो वैतागायचा. "नाना, निदान एकदा इकडं बघा हो. तुम्ही डायरेक्टर आहात की पोलीसपाटील?"

"ते तू दख. तुना डोया भाड्याना शेतस का?"

आमचा शेवटचा पिक्चर म्हणजे एका जुन्या हिंदी प्रेमाच्या पिक्चरची नक्कल होती. नाना नक्कल म्हणत नसत. म्हणत, "तोच पिक्चर, फक्त आते आपला घरना." त्यांच्या टॉकीजला तो फिरून फिरून लागायचा. कस्तुराबाई म्हणायची, "हाई पिक्चर मनी सवत शे. माले बाळंतपणले माहेरी धाडीसन हाऊ मानूस तिले दखत बसना."

हिंदीत टांगेवाला आणि जमीनदाराची पोरगी होती. पोरीचं लग्न दुसरीकडे ठरतं आणि वऱ्हाड आणायला टांगा याचाच सांगितलेला असतो. नानांनी टांग्याची अपे रिक्षा केली, जमीनदाराचा केळीचा बागायतदार केला. हिंदीतली टांगेवाल्याची आई विहिरीवर जाऊन रडते. नाना म्हणाले, आपल्याकडे लग्नाच्या दिवशी आईला रडायला वेळ कुठे? ती गरीब बाई, त्याच लग्नात मांडे करायला बोलावलेली. चुलीवर मातीचं उपडं खापर तापलेलं, हातावर पुरणाचा मांडा, आणि समोरून आपला पोरगा नवरदेवाला घेऊन येतो. ती बघते आणि मांडा खापरावर टाकते. बस. पिक्चर संपला. मला हिंदीपेक्षा हे बरं वाटलं.

रिक्षावाला गोकुळ, साक्रीकडचा, मोबाईलच्या दुकानात कामाला. पोरगी वैशाली, जळगावला कॉलेजात शिकणारी, बोलके डोळे आणि जीभ त्याहून बोलकी. गोकुळ तिच्यासमोर वाक्य विसरायचा. ती म्हणायची, "दादा, प्रेम करायचंय तुम्हाला, रिचार्ज नाही मारायचा."

सगळं शूटिंग झालं. शेवटचं लग्न तेवढं राहिलं आणि लॉकडाऊन लागलं.

वर्ष तसंच गेलं. मग थोडी ढील मिळाली, तेव्हा वैशालीला मुंबईहून मालिकेत काम आलं. पंधरा दिवसांत जायचं होतं. ती गेली की पिक्चर बुडाला. तिचे केस कापणार होते म्हणे, परत तशी दिसणार नव्हती. नाना तेव्हा सत्तरीला आले होते. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण हा पिक्चर झाला नाही तर पुढे काही होणार नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्यांदा आम्ही पाच जणांतच करून बघितलं. मळ्यात मांडव घातला, चार साड्या लावून मागे गर्दी असल्याचं भासवलं. नाना सवयीने आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. समोर नांगरलेलं शेत आणि एक कुत्रा. पाच वेळा केलं. दर वेळी धनराज म्हणाला, "मस्त झालंय नाना, एक नंबर." शेवटी नाना म्हणाले, "कोन म्हनस? तो कुत्रा?"

ते बांधावर बसले. "अक्का, माले काहीच समजत नही," एवढंच म्हणाले. तीस वर्षं त्या भोकातून बघणाऱ्या माणसाला पडद्यावरचं कळतच नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं. त्याला फक्त माणसांच्या तोंडावरचं वाचता येत होतं.

शूटिंगला परवानगी नव्हती. लग्नाला होती, पन्नास माणसांची. नानांनी लग्नाचा अर्ज करायचं ठरवलं. नवरीच्या जागी वैशालीचं नाव घालतो म्हणाले तर तिची आई जळगावहून फोनवर कडाडली. पोरीचं नाव लग्नाच्या कागदावर एकदा गेलं की गेलं, पिक्चरचं असो की खरं. आणि हळद तर बोटालाही लावायची नाही. बरोबर होतं तिचं. मग कोणाची नावं? कस्तुराबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आपलंच टाका. आपलं कागदवर व्हयनं कव्हय?"

नानांनी तेच केलं. नवरदेव सुपडू, नवरी कस्तुरा. वयाची जागा कोरी सोडली. कोणी विचारलं नाही, शिक्का मिळाला. कस्तुराबाईने तो कागद देवळीत ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "आते हाऊ मना पक्का नवरा व्हयना. इतला दिन कच्चाच व्हता."

पन्नास म्हटले होते, जास्त आले. वर्षभर कोणी लग्न बघितलं नव्हतं. बाया पेटीतल्या साड्या नेसून आल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या मांडवात. मास्क हनुवटीवर. मला ते दिसत होतं. मी काही बोलले नाही. मलाही घरात बसून कंटाळा आला होता, हे खरं कारण आहे आणि दुसरं नाही.

खापर तापलं. गोकुळची रिक्षा आली, त्यात नवरदेव. मी मांडा हातावर वाढवत होते. बघितलं, आणि मांडा टाकला. नानांची पाठ माझ्याकडे होती. आणि त्यांच्या समोरून आवाज आला. एक बाई रडायला लागली, मग दुसरी, मग सगळ्या. पदर डोळ्याला लावून नव्हे, तोंड उघडून, एकमेकींच्या गळ्यात पडून, कोणी बापाचं, कोणी दिराचं नाव घेऊन. धनराजने कॅमेरा बंद केला तरी त्या थांबल्या नाहीत. नानांचा वर केलेला हात तसाच वर होता. ते वळले तेव्हा त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. "व्हयनं," म्हणाले, "व्हयनं अक्का."

आठवड्यात ताप सुरू झाला. पहिले धनराजला. मग कस्तुराबाई, नाना, मी. धनराज दवाखान्यात तीन दिवस होता. त्याची बायको गेटाबाहेर उभी असायची. तो गेला ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

कस्तुराबाईचं सांगितलं त्या संध्याकाळी नाना सकाळनंतर पहिल्यांदा बोलले. "अक्का, त्या पिक्चरकरता रडनात नही."

"माले मांडवमाच समजनं व्हतं," मी म्हटलं. वर्षभर गावात माणसं गेली आणि कोणाला कोणाच्या दारावर जाता आलं नव्हतं. आमच्याकडे माणूस गेला की बाया दारावर जातात, गळ्यात पडून रडतात, मग कुठे घरातलं माणूस मेल्यासारखं वाटतं. ते सगळं रडणं घराघरांत तुंबून राहिलं होतं. नानांनी मांडव घातला आणि त्यांना रडायला जागा मिळाली. मांडे, रिक्षा, वैशाली, मी, आम्ही कोणीच त्यात नव्हतो.

"तू कशाले सांगं नही?" त्यांनी विचारलं.

"तू खूश व्हता," मी म्हटलं.

दोष कोणाचा, हे गावात पुष्कळ दिवस चाललं. नानांचा होता. धनराजच्या बायकोने त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी कोणाला सांगायला गेले नाही की मीही तिथेच बसून मांडे करत होते.

बरे झाल्यावर पोरगी त्यांना जामनेरला घेऊन गेली. पिक्चर धनराजच्या लॅपटॉपमध्ये होता. गोकुळने तो जोडून घेतला आणि मला घेऊन जामनेरला गेला. नाना आम्हाला पाठ करून बसतील असं वाटलं होतं, पण समोर बसले. त्यांनी स्वतःचा पिक्चर सरळ बघितला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

शेवट आला. मी मांडा वाढवते, रिक्षा थांबते. माझ्या मागे कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे. सगळी गर्दी रिक्षाकडे बघते आहे आणि ती एकटी दुसरीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथे नाना पाठ करून उभे होते तिकडे बघते आहे. हसते आहे. तिला कोणी सांगितलं नव्हतं हसायला.

"मांगे ली," नाना म्हणाले. गोकुळने मागे घेतलं. तीन वेळा बघितलं. मग म्हणाले, "इनी मनी पाठ दखी दखीसन जिंदगी काढी."

गोकुळने विचारलं, हसणं कापायचं का? दुःखाच्या शेवटाला बरं दिसत नाही. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जठे टाकानं तठे टाक."

त्याने मोबाईलवर टाकला. लोकांनी बघितला म्हणे, वर अंगठे आणि फुलं आली. घराघरांत एकेकट्याने बघितला. कोण रडलं, कोण नाही, नानांनी विचारलं नाही. वैशाली मुंबईला नायकाच्या बहिणीची कामं करते, फोन करते कधी कधी. गोकुळने साक्रीला स्वतःचं दुकान टाकलं, पिक्चर सोडले. मला एकदा कोणीतरी आईच्या कामाला बोलावलं होतं, मी गेले नाही. मी ब्लाऊजही आता शिवत नाही, डोळे गेले.

नाना दोन वर्षं जामनेरला ओट्यावर बसले आणि एका दुपारी तिथेच गेले. त्या आजाराने नाही, म्हातारपणाने. मी दारावर गेले. बाया रडत होत्या, मी बसून होते.

त्या मांडवातून आम्ही चार जण दवाखान्यात गेलो होतो. कस्तुराबाई गेली, धनराज गेला. नाना आणि मी घरी आलो.