वाटेतला जवळा

घारापुरीची लेणी दाखवून झाल्यावर गाईड आम्हाला बेटावरच्या गावातून फिरवत होता. कोणते राजे आले, मूर्ती कुणी फोडल्या, कोण कधी निघून गेलं, हे तो रंगवून सांगत होता. एका घरापुढे वाटेवरच जवळा वाळत घातलेला होता. त्या इवल्याशा गुलाबी मासळीजवळ एक म्हातारी काठीने कावळे हाकत बसली होती. आमच्यातल्या दोघांनी लगेच नाकाला रुमाल लावले.

"मावशी, फोटोपुरता उचला ना जरा," गाईड म्हणाला.

"बाजूनं जावा. ऊन हाय तवर जवळा हलनार नाय." तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मला टाळी वाजवावीशी वाटली. का म्हणून उचलावा तिने? तिचं दार म्हणजे काय आमच्या फोटोचा पडदा आहे? राजे गेले, मूर्ती फोडणारे गेले, जवळा मात्र दर उन्हात इथेच पसरला. आम्ही निमूटपणे कडेकडेने, एकामागे एक पुढे सरकलो.

ऊन उतरल्यावर तिने तो सुपात भरलाही असेल. तोवर आम्ही लाँचमध्ये बसून, आधीच्या सगळ्यांसारखेच, निघून चाललो होतो.